दस्ती

डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा.
अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.
लातूरची ती दुसऱ्या मजल्यावरची खोली,
खिडकीच्या जागी एसी,
भिंतीवर मेंदूचं चित्र,
चार भावांना चार रंगांत
वाटण्या करून दिल्यासारखं.

आज वार कोणता?
"बाजारचा न्हाई."
वाजले किती असतील?
अण्णा सावली शोधत राहिले. ट्यूबलाइटला कुठली सावली.
डॉक्टरांनी दोन्हीकडं फुली मारली.

इरबा दलाल, हाळीच्या बाजारात चाळीस वर्षं.
देवणी गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवला की
वय, वजन, मागच्या मालकाचा स्वभाव
डोळे मिटून सांगायचे.
तोंडानं बोलायचे ते गिऱ्हाइकासाठी, निम्मं खोटं.
खरं बोलणं दस्तीखाली.
एक टोक यांच्या मनगटावर, दुसरं शादुलभाईंच्या,
आत बोटं बोटांना विचारायची,
बोटं बोटांना नाही म्हणायची,
आणि वर दोघं पान चघळत
आभाळात काहीतरी बघत.
मी लहान. काखेतून डोकं घालून विचारलं एकदा,
अण्णा, हिशोब कुठं करता?
त्यांनी डोक्याकडं बोट नेलं नाही.
"अर्धा हितं," मूठ दाखवली,
"अर्धा त्या शादुल्याकडं."

शादुलभाई पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात गेले.
दिवाळीपर्यंत अण्णा
पानाला चुना लावायचं विसरले,
जावयाचं नाव विसरले,
चहाचे पैसे दोनदा देऊ लागले.
आई म्हणाली, वय झालं.
भावानं मोबाईलवर बघून आजाराचं नाव सांगितलं,
त्यालाही ते नीट म्हणता आलं नाही.
मला वाटलं, निम्मं डोकं तर
कब्रस्तानात ठेवून आलो आपण.
माती देताना कुणी मोजलं नाही.

"शंभरातून सात, काका." पुन्हा.
"काय इचारलालेत गं हे?"
उजवा हात मांडीवर धुंडाळत होता,
लाईट गेल्यावर पाय चप्पल शोधतो तसा.
मी त्यांच्या गळ्यातली दस्ती काढली,
दोघांच्या हातांवर टाकली
आणि पंजा आत सरकवला.

बराच वेळ काही नाही.
घट्टे पडलेला तळवा, एवढंच.
मग पाची बोटं गच्च धरली. सोडली.
मग दोन.
"त्र्याण्णव."
पुन्हा पंजा, पुन्हा दोन.
"शहाऐंशी."
एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट.
आवाज बाजारातला, चढा,
बाहेर बाकावरची माणसं दारातून डोकावली.

डॉक्टर म्हणाले, ताई, मदत करू नका.
मी कुठं मदत केली होती.
मी पतसंस्थेत कारकून, सातचा पाढा मला येतो,
पण तो त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हताच.
मी नुसती तिथं होते, ऊबदार, पाच बोटांची.
कागदावर त्याला रकाना नव्हता.
त्यांनी शून्य लिहिलं, मग खोडलं,
मग पेन हातात तसंच धरून बसले.

आणि माझं तरी काय?
बेरीज अडली की मी करंगळीचं पेर दाबते,
तिसरीत बाईंनी छडी मारलेलं.
तेवीसचा पाढा ऑफिसात सहाव्या पायरीला घसरतो,
शाळेच्या चिंचेखाली उभी राहिले
तर अजून सरळ येतो,
चिगूर खाल्ल्यासारखा दात आंबवत.

उदगीरची गाडी उशिरा होती.
स्टँडवर आम्ही शेंगा खाल्ल्या.
अण्णांना ही गर्दी कशाची ते कळत नव्हतं,
पण मान ताठ होती, नजर माणसांच्या पायांवर,
खुरं बघावीत तशी.
मग त्यांनीच दस्ती झटकली,
माझ्या हातावर टाकली
आणि माझी तीन बोटं धरली, सावकाश.
मला ती भाषा येत नाही.
काहीतरी म्हणायचं म्हणून मी त्यांची दोन दाबली.

हसले. कितीतरी दिवसांनी.
"लई कमी बोललीस."

कशाचा भाव चालला होता, सांगितलं नाही.
गाडी लागली तरी
हात काढून घेतला नाही मी.