अर्धा सूर्य

मार्कांसाठीच गेलो होतो, खोटं कशाला सांगू.
मी, तेजल गिरासे आणि मुनाफ पिंजारी,
दोंडाईच्याच्या सरकारी दवाखान्यात
गोळ्यांची पाकिटं नव्यानं करायला.
जुन्या पाकिटांवर कंपाउंडर कुवर
निळ्या पेनानं लिहायचे: एक, शून्य, एक.
आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.
आमच्याकडे ग्रिड होती.

मग आठवडाभर सूर्य.
सकाळी क्षितिजावर अर्धा,
दुपारी डोक्यावर आख्खा,
रात्री चंद्रकोर, मुनाफनं अकरा वेळा खोडलेली.
सर म्हणाले, छान, कुठल्याही देशात चालेल.
पाचशे पाकिटं छापली धुळ्याला,
पैसे तिघांत वाटून.

पंधरा दिवसांनी सुपडाबाई मालचे आल्या.
मिरचीच्या पथारीवर देठं खुडतात,
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.
बीपीची सकाळची गोळी
त्या रोज दिवेलागणीला घेत होत्या.
पाकीट आमच्याच पुढ्यात धरलं:
"भाऊ, हाऊ सूर्य उगस का बुडस?"

पाहिलं.
तिघांनीही पाहिलं.
तेजलनं तर पाकीट तिरपं करून पाहिलं,
तेवढ्यानं तो उगवेल म्हणून.

त्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही.
सुपडाबाईंच्या मागोमाग पथारीवर गेलो,
आणि आधी नुसते शिंकलो, पोटभर.
बाया हसून बेजार.
लाल रंग आम्ही धोक्यासाठी राखून ठेवला होता,
इथे तो नजर जाईल तिथवर
वाळत पडलेला, रोजंदारीवर.

विचारलं, मावशी, सकाळ कशी दिसते?
म्हणाल्या, टमटम.
दुपार?
डबा.
आणि रात्र?
"खाट. दुसरं काय?"

टमटमचं पुढचं चाक मला जमेना.
डबा तेजलनं आईचाच काढला,
झाकणाला पोचा असलेला.
खाटेच्या सुतळ्या मोजत मुनाफ जागला.
नवी पाकिटं घेऊन आम्ही
खिडकीपाशी उभे, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे,
तर रांगेतले उखा आबा
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"मी टमटममां बसत नई.
मंग मनी सकाळ कव्हय व्हई?"

शेवटी एक चौकोन मोकळा सोडला.
सर म्हणाले, अपूर्ण वाटतंय.
मार्क तसेच पडले.

कुवरभाऊ आता खिडकीतून आधी विचारतात,
मग त्याच निळ्या पेनानं
मोकळ्या चौकोनात काहीतरी काढतात.
उखा आबांसाठी बकरी काढली.
पाय बहुतेक पाच होते,
शेपूट कुठं संपते कळत नव्हतं,
आणि रेघ आमच्या चौकटीबाहेर गेलेली.
आबांनी पाकीट डोळ्यांपाशी नेलं.
"हाई त मनी कबरी!"
पाकीट बंडीच्या खिशात घातलं,
गोळी किती वाजता, विचारलंच नाही.