सुटा कंस

रात्रीचे पावणेतीन. ग्रिम्सबीच्या गोदीवर
हंबरकडून येणारा वारा दाराच्या फटीत शिट्टी घालतोय.
माझ्यासमोर एकशे बारा शीतगृहांच्या एकशे बारा फायली,
प्रत्येकीत कुठेतरी एक आकडा : उणे अठरा.
पहाटे हॅडॉकचे ट्रक यायच्या आत
तो उणे एकवीस व्हायला हवा.

सोपं वाटतं. पण उणे अठरा तीन ठिकाणी असतं :
गजराच्या खंडात, बर्फ वितळवण्याच्या खंडात,
आणि मला हवंय त्या खंडात,
ज्याचं नाव पहिल्या ओळीवर आणि आकडा सहाव्या.
मधे महिरप उघडते, काहीबाही येतं, महिरप मिटते.

मी ठिपका लिहिला. ठिपका म्हणजे कोणीही :
अक्षर, अंक, रिकामी जागा, त्याला सगळं चालतं.
फक्त ओळ सरली की उंबऱ्यावर थांबतो.
ओळ संपते तिथे त्याची ओळख संपते.
एकही फाइल हलली नाही.

मग त्याला सांगितलं, उंबरा नाहीच असं समज.
पुढे चांदणी ठेवली : हवं तितकं घे.
त्यानं घेतलं.
पहिल्या महिरपीपासून थेट शेवटच्या महिरपीपर्यंत,
पंगतीतून पत्रावळीसकट उठणाऱ्यासारखं.
चारशे ओळींच्या फायलीत नऊ उरल्या.

नक्कल होती ती. आधी नक्कल, हे कॉलिननं शिकवलं,
कॉलिन ड्यूस्बरी, जो एका बोटानं टाइप करायचा,
चहात तीन चमचे साखर घालायचा
आणि ढवळायचा नाही.

चांदणीपुढे एक प्रश्नचिन्ह लावलं.
एवढंच. हाव आटोक्यात आली.
आता जवळची पहिली महिरप दिसली
की तो पुरे म्हणतो.
थोरल्या मामाच्या सातबाऱ्यापुढे
कोणी हे लावलं असतं तर.

आई इचलकरंजीत कापड तपासायची.
थान उजेडावरून सरकायचं, बोट गाठीपाशी अडायचं,
मग चिमट्यानं तेवढीच गाठ,
शेजारचा धागा न ओढता.
मी इथे काय करते ते तिला फोनवर
कधी नीट सांगता आलं नाही.
आत्ता आलं असतं. तिकडे सव्वाआठ झालेत,
नळाला पाणी आलं असेल, ती उचलायची नाही.

एकशे अकरा बदलल्या. एक अडली.
सतरा नंबर, तळमजल्याची जुनी खोली.
उघडून पाहिली. खंडाच्या मधोमध शेरा,
दोन हजार नऊ सालचा :
‘इथे एक कंस सुटा आहे. मला माहीत आहे.
काढू नका. — कॉ.’
आणि तो कंस त्यानं शेऱ्यातच
नमुन्यादाखल काढून दाखवलेला.
माझा ठिपका त्याच्यापाशी शहाण्यासारखा थांबून,
दार मिटलं समजून, परत फिरलेला.

का काढू नका, ते लिहिलेलं नाही.
कॉलिन आता क्लीथॉर्प्सला कबुतरं पाळतो
आणि संगणकाचं नाव काढलं
की त्याला कमी ऐकू येतं.

सतरा नंबर मी हातानं बदलली.
एक पुसून दोन. आठ पुसून एक.
त्याच्या शेऱ्याखाली तारीख घातली, लिहिलं :
‘अजून सुटाच आहे.’

बाहेर पहिला ट्रक मागे येत होता,
टीं टीं करत,
कोणीतरी हात हलवून त्याला थांब म्हणेपर्यंत.