बदक (?)

तुझ्या वहीत, पान एकेचाळीसवर, पेन्सिलीनं:
'भांडुप, उदंचन केंद्र. गोडं पाणी. बदक (?)'
एवढंच.
बाकी सगळ्या पाखरांना नावगाव देऊन मोकळा झालास,
हे एकच लटकत ठेवलंस.

म्हणून आले. रिक्षावाला म्हणाला,
पुढं चिखल आहे, बाई, इथंच उतरा.
तुझी दुर्बीण माझ्या डोळ्यांना बसत नाही,
उजवं भिंग अजून तुझ्याच नंबरावर आहे.

पाणकणसांच्या मागं, खाडीचं खारं जिथवर पोचत नाही,
तिथं एक ढुंगण आभाळाकडं.
शेपूट वर, डोकं चिखलात, नारिंगी पाय
तोल सावरत हवेत.
एवढ्यावरून कुणी काय ओळखायचं?
तू म्हणाला असतास: थांब. हे बुडी मारणारं नाही,
नुसतं वाकून खाणारं.
(आमच्या बँकेतले पाटणकर तिजोरीत असेच वाकायचे.)

थांबले. डास चावले.
कचऱ्याचा वास मुलुंडकडून आला, गेला.
मग ते सरळ झालं.
अंगावर खवले खवले, पिसापिसाला फिकट काठ,
पाठीवर पांढरा फराटा,
पंख झाडला तेव्हा आतलं हिरवं.
चोच काळी. टोकाला पिवळी.
आणि चोच जिथं कपाळाला लागते तिथं
दोन लाल ठिपके.

पुस्तक उघडावंच लागलं नाही.
हळदी-कुंकू बदक.

मोठ्यानं म्हणाले असेन, कारण
पंपावरचा माणूस वळला, खिशावर शिवलेलं नाव: मोरेश्वर.
'जोडी आहे,' म्हणाला. 'दुसरं त्या तिथं.'
दुसरंही तसंच. टोकाला पिवळं, कपाळाशी लाल.
'यातली मादी कुठली?'
'काय सांगणार? दोघांनाही आहे.'

रथसप्तमी परवाच झाली.
सोसायटीत यंदा वाण म्हणून स्टीलच्या डब्या.
चौथ्या मजल्यावरून निघालेली पावलं
तिसऱ्यावर न थांबता दुसऱ्यावर गेली,
मी दाराआडून मोजली.
वाईट नाही वाटलं, असं लेकीला फोनवर सांगितलं.

पेन्सिल अजून वहीच्या कण्यात आहे,
टोक मोडलेलं. नखानं लाकूड सोललं.
तुझं प्रश्नचिन्ह खोडवेना. त्याच्या खाली लिहिलं:
दोन. दोघं सारखीच. आठ वीस.

मान वर केली, तर
दोन्ही शेपट्या पुन्हा आभाळाकडं,
आणि पाण्यावर नाव सांगण्याजोगं
काहीच नाही.