वाळू

चाळीस वर्षं आबिलिओ गुडघ्यांवर होता.
देवासमोर नव्हे, कुणाची माफी मागायलाही नव्हे.
अल्माडाच्या चढावरचे फुटपाथ,
मुठीएवढे चिरे, पांढरे नि काळे,
हातोडीने घडवायचे, बसवायचे, ठोकायचे.
उजवा गुडघा आधी टेकायचा. नेहमी उजवाच.

आता तोच आधी जागा होतो,
पहाटे, बायकोच्याही आधी,
बिजागरीत खडा अडकल्यासारखा.
जिना चढताना कुरकुरतो.
उतरताना ओरडतो.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला.
"इथे फट हवी होती. कूर्चा झिजली."
त्याने बराच वेळ पाहिलं.
"म्हणजे वाळू वाहून गेली.
चिऱ्याला चिरा लागला की दोन्ही फुटतात.
असा रस्ता आम्ही उखडून नव्याने करतो."
"तेही करता येतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण ते शेवटी."

आधी हे:
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, दाबून पाच मोजायचे.
खुर्चीतून उठायचं, हात न टेकता, दहादा.
आठ किलो वजन उतरवायचं, म्हणजे रात्रीचं सॉसेज बंद.
सुई देऊ, पण ती पाहुणी, फार दिवस राहत नाही.
आणि काठी डाव्या हातात.
"दुखतो उजवा!"
"म्हणूनच डाव्या."
असलं उलटं काम त्याला
आजवर एकाही मुकादमाने सांगितलं नव्हतं.

बाहेर बाकावर एर्मेलिंडाबाई,
मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा.
"मासळीबाजाराच्या उतारावर घसरले.
पाऊस पडला की तिथला दगड साबण होतो.
कुठल्या गाढवाने काढल्यात तिथे लाटा?"

लाटा.
सत्त्याऐंशीचा उन्हाळा,
काळ्या चिऱ्यांच्या अकरा,
बारावीला दगड पुरला नव्हता.

आबिलिओ टोपी फिरवत राहिला.
कबूल कुणी करायला सांगितलं नव्हतं.
"मी," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे.
मग काठीकडे, जी अजून उजव्याच हातात होती.
"फिट्टंफाट," म्हणाली,
आणि सरकून जागा करून दिली.

घरी टॉवेल दाबताना तो आकडे मोजत नाही.
पांढरा, पांढरा, काळा, पांढरा, पांढरा.
सोड.
पांढरा, पांढरा, काळा.

दुखणं आहेच.
काल उतरताना मात्र
चौथ्या पायरीपर्यंत गप्प होतं.