रकाना क्रमांक चार

दिल्लीहून मसुदा आलाय. दोनशे चौदा पानं,
जैविक धोक्यांपासून देशाचं रक्षण.
शुक्रवारपर्यंत क्षेत्रीय अभिप्राय हवा,
रकाना क्रमांक चार, शब्दमर्यादा पन्नास.

मी पेनाचं टोपण चावत बसते.
खिडकीतून किल्ला दिसतो, लांबट,
उन्हात बसलेल्या म्हशीसारखा.
तो बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती :
शत्रू खालून वर येतो
आणि येताना दिसतो.

आमचा हजीऱ्याला नफीसाबींच्या खुराड्यात आला.
अकरा कोंबड्या मान टाकून,
तुरे पिकल्या जांभळाच्या रंगाचे.
मेल्या रविवारी. फोन आला मंगळवारी.
मी विचारलं, दोन दिवस का थांबलात?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला.
मग म्हणाल्या,
"पिछली बार के पैसे अब तक नहीं आए, बेटा."

मागच्या खेपेला आम्हीच गेलो होतो,
पांढरे पोशाख, गॉगल, चुन्याची पोती.
त्यांच्या एकशे चाळीस कोंबड्या पुरल्या,
पावती दिली, पावतीवर शिक्का मारला.
गल्लीतली पोरं त्यांना वर्षभर बीमारीवाली म्हणत होती.
माझ्या हातमोज्याला तेव्हा एक पीस चिकटलेलं,
ते मी नियमाप्रमाणे जाळलं.

मसुद्यात पान एकसष्टवर आकृती आहे.
बाण वर जातात, जिल्हा, राज्य, केंद्र,
आणि तळाशी एक चौकट : समुदाय.
सगळ्यांत लहान.
तिच्यात मी पेन्सिलीनं नफीसाबींचा फोन नंबर लिहिला,
मग खोडला. गोपनीयतेचं प्रकरण नववं आहे.

पूरन स्वर्णरेखेच्या नाल्यात बाटली सोडतो,
दोरीऐवजी परकराची जुनी नाडी.
नदी होती म्हणतात ही, त्याच्या आजाच्या वेळी.
बाटली वर येते, तो ती उजेडात धरतो,
"मॅडम, आज पानी की तबीयत ठीक नहीं."
दर वेळी हेच म्हणतो. तीनदा खरं निघालं.
वीज गेली की बर्फ पाटणकर बाजारातल्या
रसवाल्याकडून आणतो, स्वतःच्या पैशानं,
आणि डब्याला बुक्की मारून झाकण बसवतो.
शीतसाखळीवर बावीस पानं आहेत.
रसवाला त्यांत नाही.

मंगळवारच्या नमुन्यात काय निघालं
ते मला इथं सांगता येत नाही.
एवढं सांगते, की त्या रात्री आम्ही कोणी घरी गेलो नाही,
आणि बुधवारी पहाटे डॉक्टर मुजुमदार
जिन्यात बसून चहा पीत म्हणाले,
"अजून दोन दिवस गेले असते तर."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही,
कप मात्र पुन्हा पुन्हा बशीत ठेवत राहिले.

गेलेच होते की दोन दिवस.
कोण गिळून बसलं होतं ते, विचारायला
दोनशे चौदा पानांत कुणी गेलं नाही.
आणि तरीही बाईंनी फोन केला.
का केला, हे मी त्यांना विचारलेलं नाही.
धीर होत नाही.

शुक्रवार, साडेचार.
मी लिहिते :
"नफीसाबी, हजीरा. कोंबड्या एकशे चाळीस,
दर नव्वद. बारा हजार सहाशे.
आधी ते द्या."

मुजुमदार चष्मा वर करून वाचतात.
"फाळकेबाई, हे धोरणात बसत नाही."
मग खिशातून पेन काढून
खाली सही करतात.