चार पाऊणे तीन

साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा,
एक साखळी औरसचौरस म्हणजे गुंठा.
एवढं ज्याला कळलं त्याला सरकार
महिना बारा रुपये देतं,
तट्टाचा दाणा वेगळा.

तट्टू मी तरीवरच सोडलं.
वहाणा काखेत, टिपणबुक पागोट्यात खोचलेलं,
कांदळाच्या मुळ्यांतून शंकू ओढत आलो
तर धाकू नागवेकर बांधाच्या तुटक्या टोकावर
आधीच उकिडवा बसलेला.
म्हणाला, आज चवथ. चार पाऊणे तीन.
तीनला भरली, नवाला सुकंल.
तवा माप धरा.

पाऊणकी मी पंतोजींच्या छडीखाली पाठ केली.
हा शाळेची पायरी चढलेला नाही.
मला तोवर वाटायचं,
पाऊणकी व्याजासाठीच केलेली आहे.

लख्या पुढे, मांडीभर चिखलात.
साखळीचं एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या,
आणि मधल्या लोखंडाला विटाळ नाही;
सरकारी आहे.
पाणी मात्र तो ओंजळ करून पितो
आणि मी हात उंच धरून ओततो.
त्याला रकाना नाही.

नंबर अठ्ठेचाळीसचा दगड सापडेना.
लख्याने पायानेच चाचपला, गाळात,
म्हणाला, हितं हाय. माज्या आजानं पुरलेला.
मी वाकून हात घातला.
दगडाला कालवं धरली होती, बोट कापलं.
टिपणात त्या कोपऱ्यावर डाग आहे,
तो शाईचा समजावा.

सतरा गुंठे चौदा आणे.
आकार एक रुपया तीन आणे.
तीन वर्षांपूर्वी अवसेच्या उधाणात बांध फुटला,
खारभात गेलं,
आता तिथे नेवटे पोटावर सरपटतात
आणि मी जवळ गेलो की बिळात.

नियम सरळ आहे: भरतीखालची जमीन सरकारची.
नाव कमी, धारा माफ.
माफीसाठी लोक कोंबडं घेऊन येतात.
धाकू कोंबडं घेऊन आला होता
धारा चालू ठेवा म्हणून.

"भरतंय ना मी दरसाल? भरीन.
पान्याचा भरीन. नाव तेवडं ऱ्हाऊ द्या.
दर्यानं आज नेलान, उद्या सोडलान,
तर कुनाच्या नावानं सोडंल?"

कोंबडं परत केलं.
पाय बांधलेलं, उलटं, ते माझ्याचकडे बघत होतं.

नवाला पाणी खरंच गेलं.
शंकू रोवला, काटकोन धरला,
लख्याने पुकारलं, मी मांडलं,
आणि शेऱ्यात लिहिलं:
मोजणीसमयी जमीन कोरडी.
शब्दन् शब्द खरा.

आता जयगडाहून टपाल आलंय.
तांबड्या शाईत दोनच शब्द: कोणत्या वेळी?
खाली साहेबाची सही,
ओल्या वाळूत चिंबोरी चालून गेल्यासारखी.

बोरू तासून झाला.
साखळी गोड्या पाण्यात धुतली, खोबरेल चोळलं.
गंज तरी कड्यांत शिरतोच,
आणि चिखलातून ओढून ओढून
ती दर मोसमाला जराशी लांबते.
म्हणजे माझा गुंठा गुंठ्याहून मोठा झालाय
आणि कागदावर अख्खा तालुका
सुतासुताने आक्रसतोय.
हे मी वर कळवलेलं नाही.

देवळाच्या ओवरीत दिवा भुरभुरतो.
लख्या अंगणापलीकडे, घोंगडीत.
खाली खाडी चढताना
तरीचा खुंटा कुरकुरतो.
आज आठव. आठ पाऊणे सहा.
न ठरवता हिशेब होऊन गेला.

उत्तर लिहितो:
वेळ, सकाळचे नऊ.

तिथी त्यांनी विचारलेली नाही.