नवव्या दाराची चूल

आमच्या घराला सव्वीस दारं आहेत.
घर एकच.
तुमचं गाव केवढं, असं कुणी विचारलं
तर आम्ही माणसं मोजत नाही, दारं मोजतो.

पहिलं दार नदीच्या खालच्या अंगाला,
सव्विसावं वरच्या.
डावं-उजवं इथे कुणी म्हणत नाही.
माझ्या पाठीवर डास बसला तरी मेंगन म्हणायची,
"हलू नकोस, जरा वरच्या अंगाला आहे,"
आणि सट्‌कन मारायची.

मेंगनचं दार नववं. माझं दहावं.
मध्ये फळी, फळीला एक भोक.
त्यातून मीठ गेलं, मिरच्या गेल्या,
तिच्या नवऱ्याची भांडणं आली,
आणि एका पहाटे
तिच्या लेकीचं पहिलं रडणं.

मग त्याला बिंतुलूला नोकरी लागली,
गॅसच्या कारखान्यात.
होडीत शिलाई मशीन चढलं, गादी चढली,
पाय बांधलेला कोंबडा चढला.
चूल काही होडीत बसत नाही.

आणि चूल थंड पडू द्यायची नाही, हा आमचा कायदा.
माणूस कुठेही असो,
अवसेला आणि पुनवेला जाळ दिसला पाहिजे,
नाहीतर घराला ताप येतो.
अख्ख्या घराला.
दंड ठरलेला: एक कोंबडी, एक चिनी बशी,
आणि लोखंडाचा एक तुकडा,
बिचकलेल्या जिवांना बळ यावं म्हणून.

किल्ली माझ्याकडे.
मी नववं दार उघडते. वटवाघळांचा वास येतो.
रबराच्या झाडाची लाकडं लावते, फुंकते.
नुसता जाळ बघवत नाही
म्हणून पातेलंभर पाणी ठेवते.
पाणी उकळेपर्यंत करायचं काय?
भोकाला तोंड लावून
पलीकडे, माझ्याच रिकाम्या खोलीला,
दिवसभराचं सांगते.

सकाळी तुआई न्यांबोंग येतात, घराचे म्होरके.
वैद्यानं नाडी बघावी तसं राखेत बोट घालतात.
"हं," म्हणतात. जातात.

माळ्यावर तिचं बियाणंही आहे,
तिच्या पणजीच्याही आधीचं, तांबूस कुसळाचं.
विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही,
पेरलं नाही तर मरतं.
म्हणून माझ्या डोंगरउताराच्या शेतात
कडेची आठ हात जागा तिची.
उंदीर नेमके तिथेच आधी येतात.

यंदा सुगीच्या सणाला, गवाईला, ती आली.
लेक लिंजा नऊ वर्षांची, पांढरेशुभ्र बूट.
खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून वर चढताना
दोन्ही हातांनी ओंडक्याला मिठी मारली तिनं.
वर येऊन विचारलं,
"मोरी कुठे, डावीकडे की उजवीकडे?"
मी म्हटलं, "खालच्या अंगाला."
ती कठड्याशी गेली, वाकली,
आणि पाणी कुठून कुठे वाहतंय
ते कितीतरी वेळ बघत राहिली.

मेंगन चुलीपुढे बसली.
राखेवर तळवा धरला. उबदार होती.
म्हणाली, "माझं पातेलं कुणी हलवलं?"
"उंदरांनी."
तेव्हा हसलो आम्ही, पोट दुखेपर्यंत.
मग रात्रभर सव्वीस दारांपुढच्या एका लांब ओसरीवर
चटईला चटई लागली,
घंटा वाजल्या, तुआकचे पेले फिरले,
जनरेटर बंद पडला तेव्हा कुणाला कळलंही नाही.

एक मात्र मी तिला सांगितलं नाही.
जानेवारीत पूर आला तेव्हा
मी बारा दिवस कापितच्या दवाखान्यात अडकले.
अवस गेली. चूल थंड.
कोंबडी माझी गेली. बशी माझ्या आईची,
निळ्या माशाची. लोखंड म्हणून जुना कोयता.
न्यांबोंग म्हणाले, "दंड नवव्या दाराचा आहे."
मी म्हटलं, "दहाव्यातून घ्या.
भोक आहे मध्ये."

तिसऱ्या दिवशी होडी खालच्या अंगाला गेली.
पांढरे बूट आता पांढरे नव्हते.

आज पुनव.
लाकडं ओली आहेत, धूर होणार.
होऊ दे.